तेरवीच्या आत

इंद्रभानभाऊ पुन्हा पुन्हा निवडून आले ते मातीवर. आमच्याकडे मातीले जाणं म्हणजे मयताला जाणं. बाहेरचा माणूस शेतीचा अर्थ घेतो म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं. त्यांच्या आधीचे आमदार फार शिकलेले होते, विधानसभेत जाडजूड अहवाल हातात धरून बोलायचे, आणि पडले ते एका म्हाताऱ्या सरपंचाच्या मातीला न गेल्यामुळे. "जो आपल्या मातीले नाई आला, त्याच्या चिन्हाकडं कायले पाहा लागते?" एवढंच लोक म्हणाले आणि तसंच वागले. इंद्रभानभाऊ तेव्हा पंचायत समितीचे साधे सदस्य होते. त्यांनी ते वाक्य ऐकलं आणि पुढचं सगळं राजकारण त्यावर उभं केलं.

लग्नांवर त्यांचा विश्वास नव्हता. लग्नात आमदार आला तरी लोकांचा डोळा पंगतीवर. आजाऱ्याच्या भेटीला जाणं तर निव्वळ तोट्याचं: बघणारे दोघं, एक तो आजारी, ज्याचं मत पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकेल याची हमी नाही, आणि दुसरी त्याची बायको, जी तिथल्या तिथं काम सांगते. मातीला मात्र अख्खं गाव एका जागी, खाली बसलेलं, गप्प. आणि त्या घडीला कोणी काम सांगत नाही.

मातीला बसायची त्यांची रीत ठरलेली होती. खुर्ची आणली तर पायानं बाजूला सारायची. मेलेल्याच्या थोरल्या मुलाशेजारी धुळीत मांडी घालायची. बोलायचं ते माइकशिवाय, थोडकं, आणि शेवटी शब्द द्यायचा. स्मशानाकडं जायचा रस्ता, एखादा हातपंप, शाळेच्या भिंतीचं काम. जे काही त्या माणसाच्या मनात राहून गेलं असेल ते. मुदत नेहमी एकच: "तेरवीच्या आत."

खोटं कशाला बोला, बरेचसे शब्द ते पाळतही. तेरवीला मुरूम पडलेला असायचा, हातपंपाला दांडा बसलेला असायचा. जिवंत माणसाचा अर्ज त्यांच्या कार्यालयात पिवळा पडायचा आणि मेलेल्याचं काम दोन आठवड्यांत व्हायचं. त्यामुळे आमच्या मतदारसंघात जी काही कामं झाली ती बहुतेक मयतांच्या नावावर जमा आहेत. पारावर पोरं म्हणायची, "बे, डांबरी पाह्यजे का? मंग घरात म्हातारं कोन हाये ते पाह्य."

या कामात भाऊंचा उजवा हात म्हणजे त्यांचा स्वीय सहायक आल्हाद. खामगावच्या एका हेडक्लार्कचा मुलगा, बोलणं पुस्तकी, कपडे परीटघडीचे. रोज सकाळी तो गावोगाव फोन करायचा. प्रत्येक गावात बातमी देणारं एक माणूस त्यानं धरून ठेवलेलं होतं. सोनाळ्याच्या पुढं पांढरखेड नावाचं गाव आहे, तिथं हे काम झुंबरबाईकडं होतं. तिची पिठाची गिरणी. घरोघरचं दळण तिच्याकडं यायचं आणि दळणासोबत घरोघरचं बाकी सगळंही.

पांढरखेडातच कारभारीबुवा राहायचे. संत्र्याची थोडी झाडं, खाऊन-पिऊन सुखी घर, मुलगा गणेश पुण्याकडं कंपनीत, सून जयमाला घरी. बुवांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा पहाटेच्या एसटीनं बायको रुखमाबाईसोबत खामगावला जायचं, डायलिसिस करून घ्यायचं आणि दुपारच्या गाडीनं परत यायचं. येता-जाता एवढे धक्के बसायचे की मशीननं दिलेलं अर्धं रस्ताच काढून घ्यायचा. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, असा प्रवास शरीर फार दिवस झेलणार नाही. जवळ सोय बघा.

आणि जवळ सोय होती, हीच तर गंमत. सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर ग्रामीण रुग्णालय, आणि त्यात डायलिसिसची कोरी मशीन. भाऊंनीच आमदार निधीतून आणलेली. लोकार्पण झालं होतं, मशीनवर हात ठेवून भाऊंचा फोटो पेपरात आला होता. पण मशीन चालवायला शिकलेला माणूस लागतो आणि शुद्ध केलेलं पाणी लागतं. माणसाची जागा मंजूर नव्हती आणि पाणी शुद्ध करायचा संच कुणी मागवलाच नव्हता. आमच्या भागातल्या ज्या खाऱ्या पाण्यानं कारभारीबुवांच्या किडन्या नासल्या ते पाणी त्या मशीनलाही चालत नव्हतं. मशीनच्या तब्येतीची काळजी जास्त होती, असं म्हणू.

बुवा एकदा ती पाहून आले होते. घरी येऊन म्हणाले, "नवरीवानी झाकून ठेवली हाये. प्लास्टिक बी नाई काढलं."

"मंग भाऊले सांगा ना," रुखमाबाई म्हणाल्या.

"सांगतलं. तो आल्हाद म्हनते, लक्षात हाये."

"त्याच्या लक्षात राहून आपन जगतो का?"

तर असं चाललं होतं. मग ती फोनची भानगड झाली.

त्या सकाळी आल्हादनं नेहमीप्रमाणे झुंबरबाईला फोन लावला. गिरणी चालू होती. त्यानं विचारलं, "काय विशेष, झुंबरबाई?"

"विशेष काई नाई. कारभारीबुवा गेले पहाटीच," झुंबरबाई पट्ट्याच्या आवाजावर ओरडून म्हणाली. "रुखमाबाई बी संग..." पुढचं गिरणीनं दळून टाकलं.

गेले म्हणजे एसटीनं खामगावला गेले. पण आल्हादच्या धंद्यात गेले या शब्दाला दुसरा अर्थच उरला नव्हता. त्यानं दिवसाच्या कार्यक्रमात पांढरखेड घातलं आणि नांदुऱ्याहून हार मागवून घेतला.

दुपारी भाऊंची गाडी कारभारीबुवांच्या दारात उभी राहिली तेव्हा जयमाला ओट्यावर डाळ निवडत बसली होती. गाडी तिनं पाहिली, हार पाहिला, भाऊंचा पडलेला चेहरा पाहिला. भाऊ म्हणाले, "पोरी, धीर धर." तिच्या हातून सूप पडलं. सासऱ्याचा फोन लागत नव्हता, सासूकडं फोन नव्हताच. गावातही कुणाला शंका आली नाही. भाऊ आले म्हणजे माणूस गेलाच. आमच्याकडे डॉक्टरच्या सर्टिफिकेटपेक्षा हा दाखला पक्का. बघता बघता अंगण भरलं. बायांनी गळा काढला. कोणीतरी बांबू आणायला गेलं. झुंबरबाई गिरणी बंद करून आली आणि सगळ्यात मोठ्यानं रडली. आपणच बातमी दिली हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

प्रेत खामगावहून यायचं आहे असं सगळ्यांनी धरलं होतं. तोवर भाऊ बोलायला उभे राहिले.

"कारभारीबुवा माह्या कार्यालयात किती डाव आले," ते म्हणाले. "सोतासाठी काई नाई मांगलं त्या मानसानं. एकच सांगे, भाऊ, आपली मशीन चालू करा. मी कमी पडलो. आज सगळ्या गावासमोर शब्द देतो. बुवाच्या तेरवीच्या आत मशीन चालू झाली नाई, त मी पांढरखेडात तोंड दाखवनार नाई."

अंगण हेलावलं. म्हातारे माना डोलवू लागले. आणि तेवढ्यात फाट्यावरून एसटीतून उतरलेले कारभारीबुवा रुखमाबाईच्या खांद्यावर हात ठेवून गर्दीच्या मागच्या बाजूला येऊन पोचले. आपल्या दारात एवढी माणसं पाहून दमलेले ते तिथंच खाली टेकले आणि त्यांनी पुढच्या माणसाला हळूच विचारलं, "कोन गेलं बे?"

"कारभारीबुवा," तो मागं न बघता म्हणाला.

"कोनता?"

मग त्या माणसानं वळून पाहिलं.

पुढचा थोडा वेळ काय झालं ते प्रत्येकजण वेगळं सांगतो. जयमालेला भोवळ आली हे नक्की. झुंबरबाईनं आल्हादला गिरणीतली भाषा ऐकवली हेही नक्की. लोक आधी भ्याले, मग हसले, आणि हसता हसता एकेकजण भाऊंकडं बघू लागला. भाऊंच्या हातात हार तसाच होता.

बुवांना पुढं आणून खाटेवर बसवलं. त्यांना काय चाललंय ते समजायला वेळ लागला, पण समजल्यावर ते सगळ्यांपेक्षा जास्त हसले. "भाऊ, आलेच हा त घाला आता हार," ते म्हणाले. "मेल्यावर मले काय कळनार हाये?"

भाऊंनी हार घातला. दुसरं करणार काय?

"अन् ते मशीनचं काय बोलून राह्यले होते?" बुवांनी विचारलं. "तेरवीच्या आत म्हंता. म्हंजे मले आधी मरा लागते."

अंगणात पुन्हा हशा. रुखमाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या पदर कमरेला खोचून भाऊंच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, सगळ्या गावानं ऐकलं हाये," त्या म्हणाल्या. "हे मेले नाई म्हनून शब्द मरते का? आजपासून मोजा तुमी दिवस. आज माती झाली असं धरा."

"असं अभद्र नका बोलू, काकू."

"अभद्र त तुमी घेऊन आले गाडीत."

भाऊंनी हात जोडले. मग म्हणाले, "हाव काकू. आजपासून."

आणि इथं भाऊंची बाजूही मांडली पाहिजे, कारण त्यांनी मनापासून हातपाय हलवले. एक तर गावोगाव त्यांची शोभा झाली होती. कुठं मातीला गेले की मागून कोणीतरी बारीक आवाजात म्हणायचंच, "भाऊ, पाहून घ्या, नाडी लागून राह्यली का?" निवडणूक वर्षभरावर होती आणि ज्या एका गोष्टीवर आयुष्य काढलं तिच्यावरच लोक हसू लागले होते. दुसरं म्हणजे त्यांना खरंच लागलं होतं. त्यांची बायको सुलभाताई सांगायच्या, त्या दिवसापासून भाऊ जेवताना मधेच थांबतात. एकदा म्हणाले, "सुलभा, मी त्याले हार घालत होतो अन् त्याचं अंग कोमट होतं. जित्या मानसाले मी किती दिवसात हात लावला नाई."

पण आमदाराला वाटणं आणि मशीन चालू होणं यांच्यात फार मोठं कार्यालय असतं. जिल्ह्याचे अधिकारी म्हणाले, पाण्याच्या संचाचा प्रस्ताव वर गेला आहे. वरचे म्हणाले, माणसाची जागा नसताना संच कशाला. जागा मंजूर करणारे म्हणाले, मशीन चालू नसताना जागा कशाला. भाऊंना रस्ते माहीत होते. मुरूम टाकायला ठेकेदाराला एक फोन पुरतो. इथं फोन कुणाला करायचा तेच सापडेना. इतक्या वर्षांत त्यांनी जी कामं केली ती सगळी फावड्यानं होणारी होती, हे त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं.

रुखमाबाई दर आठवड्याला त्यांच्या कार्यालयात यायच्या. भांडायच्या नाहीत. बाकावर बसायच्या आणि सांगायच्या, "तेरवी होऊन गेली, भाऊ." पुढच्या खेपेला, "महिना झाला." बाकीचे आलेले लोक हसायचे, जिवंत नवऱ्याचे दिवस मोजणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. भाऊ मात्र त्यांना बघून उठून उभे राहायचे.

शेवटी आल्हादनं सुचवलं, "भाऊ, नागपूरच्या अधिवेशनात प्रश्न टाकू. तारांकित. उत्तर छापून द्यावंच लागतं त्यांना."

भाऊंनी इतक्या वर्षांत सभागृहात फारसं तोंड उघडलं नव्हतं. मयतीत मोकळा होणारा त्यांचा आवाज तिथं घशातच राहायचा. पण हा प्रश्न त्यांनी आल्हादला समोर बसवून स्वतः सांगितला आणि आल्हादनं तो सरकारी मराठीत बसवला: अमुक ग्रामीण रुग्णालयातील डायलिसिस यंत्र दीर्घकाळापासून वापराविना पडून आहे, हे खरे आहे काय? असल्यास, याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली आहे वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

आता या प्रश्नांची उत्तरं कशी येतात ते ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे. बहुतेक वेळा, हे खरे नाही. सरकार फारच उदार झालं तर, हे अंशतः खरे आहे. आमचं अर्धं राज्य या अंशतः वर चाललेलं आहे.

भाऊंचा प्रश्न पुकारला जायच्या आधीच सभागृह कशावरून तरी गोंधळात तहकूब झालं, म्हणून छापील उत्तरच काय ते हाती आलं. आल्हादनं पान उघडून पहिली ओळ वाचली आणि तो जिन्यावरून जवळजवळ पळत आला.

"भाऊ, खरे आहे म्हणतायत. अंशतः नाही. हे खरे आहे, एवढंच."

"पुरं खरं?"

"पूर्ण खरं."

भाऊंनी तिथंच उभ्या उभ्या झुंबरबाईच्या गिरणीवर फोन लावला आणि रुखमाबाईला बोलावून घेतलं. "काकू, सरकारनं मानलं," ते म्हणाले.  "आता कोनाले नाई म्हनता येनार नाई. झालं समजा काम."  पलीकडून रुखमाबाईनं नाक ओढल्याचं ऐकू आलं. गावात बातमी पसरली. कारभारीबुवा त्या दिवशी खाटेवर उठून बसले आणि त्यांनी चहा मागितला, जो त्यांना मना होता. रुखमाबाईनं अर्धा कप दिला.

फोन ठेवल्यावर भाऊंनी आल्हादच्या हातून पान घेतलं आणि खालच्या ओळी वाचल्या. सदर यंत्र वापराविना असल्याची बाब निदर्शनास आल्याने ते आवश्यक सुविधा उपलब्ध असलेल्या अन्य जिल्ह्यातील रुग्णालयाकडे वर्ग करण्यात येत आहे. आणि त्याखाली, विलंबाच्या कारणांपुढं: प्रश्न उद्भवत नाही.

"वर्ग म्हंजे?" भाऊंनी विचारलं. त्यांना अर्थ कळत नव्हता असं नाही.

आल्हादनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. "घेऊन जाणार," तो म्हणाला.

भाऊ मंत्र्यांच्या दालनाबाहेर बसले. सचिवांना भेटले. एका अधिकाऱ्यानं त्यांना मोठ्या आदरानं पाणी दिलं आणि समजावलं, "साहेब, तुमच्याच प्रश्नावर कार्यवाही झालेली आहे. इतके दिवस तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं. आता सभागृहात उत्तर दिलंय. ते पाळलं नाही तर पुन्हा तुम्हीच विचाराल."

सरकारनं दिलेला शब्द इतक्या तातडीनं पाळल्याचं आमच्या भागात दुसरं उदाहरण नाही. दहा-बारा दिवसांत टेम्पो आला. मशीनवरचं प्लास्टिक तसंच होतं, त्यामुळे बांधाबांधीचा त्रासही फार झाला नाही.

त्यानंतर कारभारीबुवांनी खामगावला जाणं सोडलं. रुखमाबाई रागावल्या, रडल्या, गणेश पुण्याहून येऊन हातापाया पडला. बुवा म्हणाले, "किती दिवस त्या गाडीत हाडं वाजवू? जवळ होती तवर वाटे, आज ना उद्या होईन. आता कायची वाट पाहू?"  शेवटी शेवटी अंग सुजलं, मग बोलणं असंबद्ध झालं. आणि एके दिवशी दुपारी ते गेले, आता दुसऱ्या कुठल्याही अर्थानं नाही.

झुंबरबाईनं गिरणी बंद करून आल्हादला फोन केला आणि एकेक शब्द तोडून सांगितलं. "मेले. कारभारीबुवा. मेले. मी सोता पाहून आली."

आल्हादनं भाऊंना विचारलं, "जायचं का? नाही गेलात तरी लोक समजून घेतील. शब्द होता तुमचा, तोंड दाखवणार नाही म्हणून."

"म्हनूनच जा लागते," भाऊ म्हणाले.

त्यांनी हार घेतला नाही. अंगणात गेले आणि लोकांच्या मागं, बाभळीच्या बुंध्याशी बसले. गणेशच्या शेजारी नाही. सरपंचानं दोनदा खूण केली तरी बोलायला उठले नाहीत. कुठलाही शब्द दिला नाही. माणसाकडं द्यायला काही उरलं नाही की तो गप्प बसतो. पण लोकांना तसं दिसत नाही. परत येताना लोक आपसांत म्हणत होते, "पाह्यलं का, भाऊले किती लागलं. भाषन बी नाई केलं." माझा अंदाज विचाराल तर पांढरखेडात त्यांची मतं यंदा वाढतील. समोरचा उमेदवार तर मातीलाही येत नाही.

सगळे पांगल्यावर भाऊ ओट्याजवळ गेले. रुखमाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. भाऊ त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.  मग रुखमाबाईनं विचारलं,

"भाऊ, ती मशीन तठी तरी चालू झाली का?"

भाऊंनी आल्हादकडं पाहिलं नाही. "हाव काकू," ते म्हणाले. "झाली ना."

"मानसं येतेत का तिच्यावर?"

"येतेत. लय येतेत."

रुखमाबाईनं मान हलवली. "चला. कोनाच्या तरी कामी आली," त्या म्हणाल्या, आणि जयमालेला भाऊंसाठी पाणी आणायला सांगितलं.

गाडी फाट्यावर आली तेव्हा आल्हादनं घसा साफ केला. "भाऊ, मी गेल्याच आठवड्यात चौकशी केली होती. तिथंही अजून खोक्यातच आहे. त्यांच्याकडचा माणूस सोडून गेलाय."

"मले मालूम हाये."

 आल्हादला शिकवलेलं एवढंच होतं, म्हणून तो म्हणाला, "पुढच्या अधिवेशनात पुन्हा प्रश्न टाकता येईल. सदर यंत्र तिथंही वापराविना पडून आहे, हे खरे आहे काय, असा."

"नको," भाऊ म्हणाले. "तठून बी नेतीन."